दोन तळ्यांचं गाव आणि भिलाईची सुट्टी

भिलाईला समुद्र नाही, बंदर नाही, शहराच्या मधून वाहणारी मोठी नदीही नाही. तरी हे गाव वसलं ते पाण्याच्याच भरवशावर. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दोराबजी टाटा नागपूरच्या संग्रहालयात मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा बघत होते. त्यात दुर्गच्या भागात त्यांना लोखंडाच्या खुणा दिसल्या. भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी तिथल्या राजहऱ्याच्या खनिजाची नोंद 1887 मध्येच करून ठेवली होती. टाटांची माणसं ते डोंगर पालथे घालून आली, खनिज पाहून हरखली. पण जवळपास कामाचा कोळसा नव्हता, आणि कारखान्याला बारमाही पुरेल असं पाणी शोधत त्यांना पार महानदीकाठी, संबलपूरच्या बाजूला जावं लागलं. शेवटी टाटांचा कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. पुढे इंग्रजांनी शेतीसाठी बालोदजवळ तांदुला नदी अडवली. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि पोलाद कारखाना भिलाईच्या माळावर येणार हे नक्की झालं, तेव्हा राजहऱ्याचं खनिज आणि मुंबई-हावडा लोहमार्ग यांच्या जोडीला हे तांदुल्याचं पाणी हाताशी होतं. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं.

तेव्हापासून भिलाईकराला पाणी भेटतं ते नळातून. धरणातून मरोद्याच्या जलाशयात, तिथून कारखान्यात आणि सेक्टरांमधल्या क्वार्टरांत. डोळ्यांनी बघायचं पाणी म्हणजे मैत्री बाग. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून 1972 मध्ये सुरू झालेली ही बाग, तिथले पांढरे वाघ, तळं आणि तळ्यातल्या होड्या. भिलाईत वाढलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी त्या होडीतला एखादा फोटो असतोच. बाग चांगली आहे, त्यात वाद नाही. पण ती आखून दिलेली मौज आहे: फाटकावर तिकीट, फलकावर सूचना, बाणानं दाखवलेला रस्ता. सगळं शहरच आराखड्यातून उतरलेलं, तेव्हा तिथल्या मौजेलाही आराखडा असणार.

मराठी माणसाचा या मुलखाशी संबंध कारखान्याच्या दोनशे वर्षं आधीचा. नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली 1741 मध्ये रतनपूरवर आली, आणि 1758 पासून बिंबाजी भोसले तिथूनच छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. कारखाना उभा राहिल्यावर विदर्भातून पुष्कळ घरं नोकरीच्या निमित्तानं भिलाई-दुर्गात आली आणि इथलीच झाली. आज त्या घरांतली नातवंडं आजीशी मराठी, मित्रांशी हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी बोलतात. सुट्टी लागली की मात्र सगळ्यांची तोंडं पश्चिमेला वळतात. नागपूरला मावशीकडे, नाहीतर पुढे पुणे, कोकण, गोवा. दुर्ग सुटल्यावर अर्ध्या तासात राजनांदगाव येतं. गाडी क्षणभर थांबते, कुणीतरी चहावाल्याला हाक मारतं, गाडी सुटते. नवरात्रात डोंगरगडच्या बमलेश्वरीला पायी जाणारे हजारो लोकही हे गाव ओलांडूनच पुढे जातात. मुद्दाम उतरून तिथे दिवस काढणारे फार थोडे.

ते चुकतंय. भिलाईच्या माणसानं सुट्टीचा एक अख्खा दिवस राजनांदगावला घालवावा, फार काही न ठरवता. आणि राजनांदगावनंही त्याच्यासाठी नवं काही उभारण्याची घाई करू नये. आहे ते नीट राखलं तरी पाहुण्याचं पोट भरेल.

पाण्याकाठच्या छोट्या बंदराच्या गावात एक निवांत दिवस, ही कल्पना आपल्याकडे आली ती परदेशी सहलींच्या छायाचित्रांतून. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या मधोमध असलेल्या कॉन्स्टन्स सरोवरावरचं लिंडाऊ हे त्यातलं ठळक नाव. जुनं गाव बेटावर, धक्क्याच्या तोंडाशी एका बाजूला दगडी सिंह आणि दुसऱ्या बाजूला दीपगृह, दोन्ही 1856 ची. तिथे जाऊन आलेली माणसं काय सांगतात? बसलो, चाललो, बोटी येता-जाताना बघितल्या, कॉफी घेतली. बघण्यासारखं नेमकं काय होतं असं विचारलं तर उत्तर येत नाही. धक्का अजून धक्क्याचं काम करतो, बोटी खरोखरच माणसांची ने-आण करतात, आणि पाहुणा त्या कामाच्या कडेला बसून राहतो. त्या गावाची गंमत यातच आहे.

राजनांदगावला असा धक्का कधी नव्हता. तरीही एके काळी ते छत्तीसगडच्या धान्याचं बंदरच होतं, फक्त गलबतांऐवजी बैलगाड्या लागत. नागपूर-छत्तीसगड रेल्वे ही मीटरगेज लाइन 1880 च्या दशकात नागपूरहून निघाली ती राजनांदगावपर्यंत आली आणि तिथे संपली. पलीकडे रायपूर, बिलासपूरचा अफाट भाताचा मुलूख, आणि रूळ नाहीत. मग त्या मुलखाचं धान्य गाड्यांवर लादून राजनांदगावच्या स्टेशनावर यायचं आणि तिथून आगगाडीनं पश्चिमेला जायचं. लाइनीच्या शेवटच्या टोकाला जे होतं ते इथेही झालं: अडते आले, गोदामं आली, धर्मशाळा आल्या, पेठ फुगली. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं ही लाइन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि रूळ पूर्वेकडे नेले, तेव्हा राजनांदगावचं टोकपण संपलं. पण तोवर गावाची घडी बसली होती.

गावाचा राजवंशही असाच निराळा. तलवारीनं राज्य मिळवलेल्यांच्या या देशात हे राज्य कर्जाच्या वसुलीतून उभं राहिलं. अठराव्या शतकात प्रल्हाददास नावाचा एक बैरागी शालींचा व्यापार करत पंजाबातून रतनपूरला आला. तेव्हा तिथे भोसल्यांचा अंमल होता. बैरागी ब्रह्मचारी, त्यामुळे गादी मुलाकडे न जाता शिष्याकडे जायची. शिष्यांनी जमीनदारांना पैसे कर्जाऊ दिले, आणि कर्ज फिटेना तेव्हा परगणे त्यांच्याकडे आले. नांदगाव हे त्यांतलंच एक. 1865 मध्ये इंग्रजांनी महंत घासीदास यांना संस्थानिक म्हणून मान्यता दिली. याच घासीदासांच्या देणगीतून 1875 मध्ये रायपूरचं संग्रहालय उभं राहिलं, आणि आजही ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. सावकारी करणाऱ्या साधूंच्या हिशेबी डोक्याला संग्रहालय सुचलं, हे आजच्या धनिकांनी टिपून ठेवण्यासारखं आहे.

आता दिवस. सकाळची मेमू पकडावी. पावसाळा सरल्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम, कारण तेव्हा तळी भरलेली असतात आणि ऊन अंगावर येत नाही. स्टेशनाबाहेर पोहे-जिलबी मिळते. नागपूरकराला पोह्यांवर तर्री लागते. इथे पोह्यांबरोबर गरम जिलबी येते, आणि एक घास तिखट, एक घास गोड असं खाणं चालतं. विदर्भातून येऊन तीन पिढ्या झालेल्या घरातही यावरून अजून वाद होतात. ज्याला तांदळाचं काही हवं त्याला फरा किंवा चिला मिळाला तर त्यानं पोहे सोडावेत.

गावाच्या मध्यभागी दोन तळी: राणीसागर आणि बुढासागर. दोहोंच्या मधल्या जमिनीवर जुना राजवाडा, ज्याला लोक किल्ला म्हणतात. तळ्याच्या काठानं चालणं हाच इथला मुख्य कार्यक्रम. चालताना तळं एका बाजूला ठेवावं आणि गाव दुसऱ्या बाजूला. मग गावाची पाठ आणि पोट दोन्ही दिसतात. देवळं पाण्याकडे तोंड करून, घरांची मागची दारं पाण्याकडे, कुठे वडाचा नाहीतर पिंपळाचा पार.

छत्तीसगडमध्ये तळ्याच्या पायऱ्यांना पचरी म्हणतात आणि बांधाला पार. पूर्व विदर्भातल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल, कारण भंडारा-गोंदियात कोहळी समाजानं बांधलेले तलाव याच घराण्यातले. तिकडे हजारो मालगुजारी तलाव अजून शेतीला पाणी देतात आणि लोक त्यांना ‘माजी मालगुजारी’च्या आद्याक्षरांवरून मामा तलाव म्हणतात. दोन्हीकडे निस्तार हा शब्द चालतो. निस्तार म्हणजे आंघोळ, कपडे धुणं, गुरांना पाणी पाजणं, लाकूडफाटा आणणं असे गावकऱ्याचे रोजचे हक्क. इंग्रजांच्या जमाबंदीत हे हक्क वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात गावोगाव लिहून घेतले गेले. आंघोळ हा हक्क आहे, आणि तो सरकारी कागदावर नोंदवलेला आहे, हे शहरी माणसाला गंमतीचं वाटतं. तळ्याच्या काठी तासभर बसलं की गंमत ओसरते. कुणी न्हातं, कुणी दशक्रियेनंतर केस उतरवून पाण्यात उतरतं, कुणी देवाचं भांडं घासतं. पोरं वरच्या पायरीवरून उड्या मारतात आणि एखादी म्हातारी त्यांना शिव्या घालते. यातलं काहीही पाहुण्यासाठी मांडलेलं नाही.

केवट आणि ढिमर ही इथल्या पाण्यावर जगणारी माणसं. आपल्याकडचे ढिवर त्यांचेच भाऊबंद. रोहू, कतला, मृगळ ही पाळलेली मासळी जाळ्यानं काढतात. छत्तीसगडच्या तळ्यांत शिंगाडाही लावतात. हिवाळ्याच्या तोंडी तो बाजारात हिरव्या-लाल ढिगांनी येतो, कच्चा किंवा उकडलेला. कमळाच्या देठाची भाजी करतात, तिला इथे ढेंस म्हणतात. मराठी माणूस सिंधी-पंजाबी शेजाऱ्यांकडून जी कमळकाकडी शिकला, तीच ही. भिलाईच्या मराठी घरात ढेंस पहिल्यांदा शिजते ती बहुधा शेजारणीच्या सांगण्यावरून, आणि मग दर मोसमात येते. बाजारात ती मिळाली तर घेऊन यावी. आठवण म्हणून विकत आणायच्या शोभेच्या वस्तूंपेक्षा ती बरी, निदान संध्याकाळी खाता येते.

दुपारचं ऊन चढलं की किल्ल्यात जावं. राजा दिग्विजयदासांनी दिलेल्या या वास्तूत 1957 मध्ये महाविद्यालय सुरू झालं आणि दुसऱ्या वर्षी तिथे हिंदीचे प्राध्यापक म्हणून एक किडकिडीत, बिडी ओढणारा माणूस रुजू झाला. गजानन माधव मुक्तिबोध. जन्म 13 नोव्हेंबर 1917, ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. घरची भाषा मराठी, लिहिलं हिंदीत. राजनांदगावला येण्याआधीची जवळपास दहा वर्षं नागपुरात गेली होती: सरकारी माहिती खात्यात, आकाशवाणीत, मग ‘नया खून’ या साप्ताहिकात. धाकटा भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत होता. कवी, कादंबरीकार, समीक्षक. 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला मिळाला. एकाच घरातले दोन भाऊ, दोन भाषांचे मोठे लेखक. अशी दुसरी जोडी शोधायला गेलं तर बोटं मोजत बसावं लागेल.

किल्ल्याच्या आवारात, दोन तळ्यांच्या मध्ये, गजाननरावांना राहायला जागा मिळाली. त्या घरात गोल गोल फिरत वर जाणारा एक जिना आहे. त्यांच्या कवितेत अंधारे जिने, गुहा, विहिरी, पडके वाडे वारंवार येतात. ‘अंधेरे में’ या त्यांच्या दीर्घ कवितेत तर आरंभीच गावाबाहेरचं, डोंगरापलीकडचं काळोखातलं तळं आहे. ते तळं म्हणजे राणीसागर असं खुंटा हलवून बळकट करायची गरज नाही. कवितेतली तळी नकाशात शोधू नयेत. पण ज्या माणसानं या कवितेवर वर्षानुवर्षं काम केलं, त्याच्या खिडकीतून शेवटची काही वर्षं पाणी दिसत होतं, एवढं खरं.

आणि ती वर्षं सुखाची नव्हती. 1962 मध्ये त्यांचं ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक मध्य प्रदेश सरकारनं बंदी घालून बाद केलं. तो घाव त्यांना खोल लागला. 1964 च्या सुरुवातीला अर्धांगवायूचा झटका आला, भोपाळला नेलं, मग दिल्लीला. 11 सप्टेंबर 1964 रोजी तिथेच ते गेले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्याच वर्षी आला, तो छापील पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. वय पुरतं सत्तेचाळीसही नव्हतं.

ते घर आता स्मारक म्हणून जपलं आहे. मुक्तिबोधांबरोबर पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेव प्रसाद मिश्र यांचंही स्मरण तिथे केलेलं आहे, म्हणून त्या परिसराला त्रिवेणी म्हणतात. एका संस्थानी गावानं तीन साहित्यिकांची आठवण एका तळ्याकाठी आणून ठेवली, ही साधी गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातल्या किती तालुक्यांच्या गावांनी हे केलं असेल, याचा हिशेब ज्यानं त्यानं मांडावा. भिलाईतली मराठी मंडळी गणेशोत्सवात पुण्या-मुंबईचे कलावंत बोलावतात, त्यासाठी वर्गणी काढतात, धावपळ करतात. ते करावंच. पण पाऊण तासावर एका मराठी घरातल्या माणसानं हिंदी कवितेचा चेहरा बदलला, आणि ते घर बघायला आपली बस कधी निघत नाही, हे जरा लागायला हवं.

घरातून बाहेर पडलं की गावाचा दुसरा अर्धा भाग बाकी असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा बलरामदासांच्या काळात इथे कापडगिरणी निघाली. पुढे ती कलकत्त्याच्या कंपनीकडे गेली आणि बंगाल नागपूर कॉटन मिल्स झाली. गावाच्या तोंडी बीएनसी. तिच्या मच्छरदाणीच्या कापडाचं नाव होतं. दोन तळ्यांच्या गावात मच्छरदाणीची गिरणी, यात कुणाला विनोद दिसला तर तो दोष गावाचा नाही. याच गिरणीत 1920 मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या पुढाकारानं मजुरांनी महिनाभराहून अधिक काळ संप केला. हिंदुस्थानातल्या कामगार चळवळीच्या सुरुवातीच्या दिवसांतला हा एक लांबलेला संप. इतिहासाच्या पुस्तकांत मुंबई-अहमदाबाद येतं, राजनांदगाव क्वचित. या शतकाच्या सुरुवातीला गिरणी बंद झाली. भिलाईच्या माणसानं तिच्या भिंतीपाशी थोडा वेळ थांबावं. कारखान्यावर जगणाऱ्या गावाला भोंगा थांबल्यावर काय होतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

गिरणी गेली, हॉकी राहिली. महंत राजा सर्वेश्वरदासांच्या स्मरणार्थ होणारी अखिल भारतीय हॉकी स्पर्धा हा गावाचा सण असतो. 2016 च्या रिओ ऑलिंपिकला भारतीय महिला संघातून खेळलेली रेणुका यादव याच गावची.

संध्याकाळी पुन्हा तळ्यावर यायचं, आणि इथेच भांडणाचा मुद्दा सुरू होतो. राणीसागरच्या काठी चौपाटी आहे. नाव मुंबईचं, गाड्या खाण्याच्या. गावकऱ्याला संध्याकाळी कुठेतरी जायला हवं असतं, मुलांना आइस्क्रीम हवं असतं, त्यात गैर काही नाही. पण छत्तीसगडमधल्या प्रत्येक शहराला आता आपल्या तळ्यात मुंबई दिसू लागली आहे. रायपूरच्या तेलीबांधा तलावाला लोक सर्रास मरीन ड्राइव्ह म्हणतात. तिथे फरसबंद रस्ता, दिवे, खाद्यपदार्थांची दुकानं आणि प्रचंड उंच राष्ट्रध्वज आहे. गर्दी होते, फोटो निघतात, शहर खूश आहे. एवढंच की त्या काठावर आता कुणी न्हात नाही, धूत नाही, जाळं टाकायला बसत नाही. तळं उरलं, निस्तार गेला.

नागपूरनं याचं पुढचं पाऊल दाखवून दिलं. भोसल्यांच्या काळातल्या फुटाळा तलावात संगीत कारंजं आणि तरंगता मंच बसवला गेला, आणि त्यावरून पर्यावरणवाद्यांनी सुरू केलेली लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. न्यायालयात कोण जिंकलं हा एक भाग. आपल्याच गावच्या तळ्यावर काय बसवायचं हे वकिलांना ठरवावं लागलं, हा दुसरा. तिथल्याच अंबाझरी तलावाचा धडा त्याहून कडक. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. सांडव्यासमोर उभारलेल्या विवेकानंद स्मारकानं पाण्याची वाट अडवली का, हा प्रश्न मग उच्च न्यायालयात गेला. तळ्याला शोभेची वस्तू मानून बांधकाम केलं की तळ्याचं मूळ काम विसरलं जातं. पाणी साठवणं, जास्तीचं पाणी वाटेनं सोडणं, आजूबाजूच्या विहिरी जित्या ठेवणं, हे ते काम.

यावर एक उत्तर नेहमी येतं: पर्यटक येतो तो सोयी बघून. कारंजं नाही, दिव्यांची रोषणाई नाही, मोटरबोट नाही, तर राजनांदगावला येणार कोण? प्रश्न खोटा नाही. नगर प्रशासनाला निधी मिळतो तो सुशोभीकरणाच्या नावानं. गाळ काढण्याच्या नावानं मिळतो तो कमी, आणि गाळ काढल्याचं उद्घाटन करता येत नाही. फीत कापायला कारंजं सोयीचं. शिवाय निस्तार म्हणजे सगळं मंगलच असतं असं नाही. साबणाचा फेस, निर्माल्य, प्लॅस्टिक, विसर्जनानंतरचे सांगाडे यांनीही तळी मरतात, आणि जवळच्या वस्त्यांचं सांडपाणी मिसळू लागलं की जलपर्णी पाणी झाकून टाकते. हक्क जपायचा तर त्याबरोबर पाणी स्वच्छ ठेवायची जबाबदारीही कुणाच्या तरी नावावर लागते. पूर्वी ती जात-पंचायतीच्या, मालगुजाराच्या किंवा राजाच्या नावावर होती. आता ती नगर निगमाची आहे, आणि निगमाला पंचवीस कामं आहेत.

पण पर्यटक म्हणजे कोण, हे आधी ठरवायला हवं. राजनांदगावला दिल्लीचा पर्यटक कारंजं बघायला येणार नाही. त्याला त्याच्या गावात मोठं कारंजं आहे. इथे येऊ शकतो तो भिलाईचा, दुर्गचा, रायपूरचा आणि गोंदियाचा माणूस, सकाळच्या गाडीनं येऊन रात्रीच्या गाडीनं परतणारा. त्याच्या शहरात मॉल आहे, बाग आहे, रोषणाई आहे. नाही ते इतकंच: ज्या पाण्याचं गावाशी अजून काही काम उरलं आहे अशा पाण्याच्या काठानं तासभर चालायची जागा. ती राजनांदगावकडे आहे, आणि ती टिकवायला फार खर्च नाही. लिंडाऊच्या धक्क्यावर बोटी आणि तिकीटघर होतं म्हणून माणसं थांबली. राजनांदगावच्या पचरीवर धुणं आणि जाळी आहेत म्हणून थांबतील.

यादी करायची तर छोटीच होईल. स्टेशनापासून दोन्ही तळ्यांना वळसा घालून किल्ल्यापर्यंत जाणारी, गाड्यांपासून मोकळी पायवाट. पायवाटेवर झाडं आणि बसायला दगडी ओटे, कारण मे महिन्यात लोखंडी बाकावर कुणी बसत नाही. मुक्तिबोधांच्या घरापाशी हिंदीबरोबर मराठीतही माहितीचा फलक. तो बनवून द्यायची तयारी भिलाई-रायपूरच्या मराठी मंडळींनी दाखवली तर निगमाला नाही म्हणणं जड जाईल. होड्या हव्याच असतील तर वल्ह्याच्या, आणि त्या चालवायला केवट-ढिमरांची सहकारी संस्था, ठेकेदार नको. गिरणीच्या आवाराचं जे काही होईल, त्यात संपाची आठवण सांगणारी एक भिंत. रात्री तळ्यावर झगझगीत निळे-जांभळे दिवे सोडू नयेत, पक्ष्यांना झोप लागते.

त्या सगळ्याच्या आधी नाल्या. वस्तीचं सांडपाणी तळ्यात उतरतं ती तोंडं बंद करून पाणी वळवणं, मग पावसाचं पाणी येण्याच्या वाटा मोकळ्या करणं, मग उन्हाळ्यात गाळ काढणं आणि तो गाळ आसपासच्या शेतकऱ्यांना वाटणं, मग फुटलेल्या पचऱ्या दुरुस्त करणं. बायकांसाठी कपडे बदलायला आडोसा, जो बहुतेक घाटांवर नसतो आणि ज्याची आठवण कुठल्याच आराखडा करणाऱ्याला होत नाही. हे झालं, मे अखेरीस दोन्ही तळ्यांत माणूस बुडेल इतकं पाणी राहिलं, आणि त्यानंतरही तिजोरीत काही शिल्लक असलं, तर लावावं खुशाल एक कारंजं.